श्रेयांक मिळाला, पुढे काय?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल: शाळेत शिकलेलं कॉलेजात मोजावं का? पण नाशिकमधल्या एफवायच्या कुठल्याही मुलाला विचारा. ज्युनिअर कॉलेजात त्यानं ‘पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा’ हा विषय सक्तीनं केलेला असतो. पदवीला आला की पुन्हा पर्यावरण. पुन्हा परिसंस्था, पुन्हा अन्नसाखळी, पुन्हा प्रदूषणाचे प्रकार. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून ही सक्ती आली आणि २००३ मध्ये यूजीसीनं पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला. हेतू उत्तमच. पण शाळेनं आणि कॉलेजनं एकमेकांची वही कधी उघडून पाहिली नाही.

अमेरिकेत यावर एक तोड आहे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपी. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, १ ते ५ मध्ये गुण मिळतात. ३ किंवा त्याहून जास्त असतील तर अनेक कॉलेजं क्रेडिट देतात; काही ४ किंवा ५ मागतात. मग इतिहास, इंग्रजी, गणित अशा सर्वांना सक्तीच्या विषयांपैकी एखादा तिथंच सुटतो. आपली मराठी मुलं तिकडे शिकतात, त्यांच्या घरी दहावी-बारावीच्या वयात हीच चर्चा असते.

आता आपल्याकडे या. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, मुलांचे एबीसी आयडी निघाले. २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा तर शाळेलाही क्रेडिट लावतो. तीस तासांचं शिक्षण म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला चाळीस. वाचताना वाटतं, वा! झाली की सोय! पण नीट पाहा. बारावीची क्रेडिट पदवीच्या दारापर्यंतच येतात. आत गेल्यावर तीन वर्षांच्या किमान १२० ची मोजणी शून्यापासून. बँक आहे, खातं आहे, पण शाळेत जमा केलेलं इथं वटत नाही. माझी पहिली टीका ही.

दुसरी टीका मात्र आपल्यावरच. समजा, उद्या वटायला लागलं. तर काय वटेल? बारावीचं वर्ष आज सीईटी आणि नीटच्या क्लासेसनी व्यापलेलं आहे. अंतर्गत गुण किती सढळ हातानं पडतात, हे या सभागृहातल्या शिक्षकांना मी सांगायला नको. तसल्या गुणांवर क्रेडिट देणं म्हणजे कागदावर कागद ठेवणं. शिवाय जास्तीची परीक्षा आली की तिचा क्लास आलाच. कॉलेज रोडवरच्या मुलाला तो परवडेल, सुरगाणा-पेठच्या मुलीला नाही. अमेरिकेतही एपीच्या एकेका परीक्षेची फी जवळपास शंभर डॉलर आहे, आणि सगळ्या शाळांत सगळे विषय नसतात.

कोणी म्हणेल, आपल्याकडे डिप्लोमावाल्यांना थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घेतातच ना? घेतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या तीन वर्षांवर व्यवस्थेनं विश्वास ठेवला. पण त्यातले कितीतरी जण पुढच्या गणिताला अडखळतात, असं शिकवणारेच सांगतात. वर्ष वाचलं, मधली पायरी कोणी बांधली नाही.

म्हणून माझा मुद्दा एवढाच. सूट आणि बढती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूट म्हणते, ‘तुला हे येतं, आता बसू नकोस.’ बढती म्हणते, ‘तुला हे येतं, चल, पुढचं कर.’ एपीच्या नावात ‘प्लेसमेंट’ आहे, वरच्या पायरीवर बसवणं आहे. लोक नाव विसरले आणि वाचलेली फी तेवढी मोजत बसले. सर्वसाधारण शिक्षणाचे विषय म्हणजे टोलनाका नव्हे, की पास दाखवला आणि निघालो.

मग पर्यावरणाचं काय करावं? कॉलेजनं पहिल्या आठवड्यात एक साधी चाचणी घ्यावी. फी नाही, क्लास नाही. ज्याला येतं त्याला पुन्हा अन्नसाखळी शिकवू नका. त्याच क्रेडिटसाठी त्याला नासर्डीच्या काठानं चालायला लावा. ती गोदावरीला मिळते तिथवर कुठे कुठे सांडपाणी येतं, हे नोंदवू द्या. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. कुंभमेळा तोंडावर आहे. या नोंदी शहराच्याही कामी येतील. आणि ज्याला येत नाही, त्याला नीट, मन लावून शिकवा. त्यात कमीपणा नाही.

श्रेयांक या शब्दात ‘श्रेय’ आधी येतं, ‘अंक’ नंतर. आपण अंक जुळवायला लागलोय. मुलाला जे खरंच येतं, त्याचं श्रेय त्याला द्या आणि लगेच विचारा: पुढे काय?

थांबतो. आता प्रश्न विचारा.