क्षमेआधी न्याय : ‘द लास्ट गर्ल’

नादिया मुराद या यझिदी तरुणीचे ‘द लास्ट गर्ल’ हे आत्मकथन २०१७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यासाठी पत्रकार जेना क्राजेस्की यांचे साहाय्य तिने घेतले. २०१८ चा नोबेल शांतता पुरस्कार तिला डॉ. डेनिस मुक्वेगे यांच्यासह लाभला. २०२१ मध्ये इराकला जाण्याच्या आपल्या निर्णयात या पुस्तकाचा वाटा होता, असे पोप फ्रान्सिस यांनी सांगितले होते.

उत्तर इराकच्या सिंजार प्रदेशातील कोचो हे लेखिकेचे गाव. ३ ऑगस्ट २०१४ रोजी इस्लामिक स्टेटने त्या प्रदेशावर हल्ला केला. १५ ऑगस्टला गावकऱ्यांना शाळेत गोळा करून पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या आणि तरुण मुलींना गुलाम म्हणून विकण्यासाठी नेण्यात आले. लेखिकेने आई आणि सहा भाऊ गमावले.

कथनाचा आरंभ मात्र या संहारापासून होत नाही. तो होतो कोंबड्या, पिले आणि एक मेंढा यांच्या चोरीपासून. ती चोरी पुढील अनर्थाची सूचना होती, हे वाचकाला नंतर उमगते. शेतातील कष्ट, आईचा विनोद, नववधूंच्या छायाचित्रांचा जपलेला संग्रह यांना लेखिकेने मनमोकळी जागा दिली आहे. वाचकाला आधी नांदते घर दिसते, मग त्याचा विध्वंस. त्यामुळे ही स्त्री केवळ दयेचा विषय उरत नाही. मोसुलमध्ये तिला आसरा देऊन बाहेर काढणारे मुस्लिम कुटुंब आणि गप्प राहिलेले शेजारी, दोघांनाही ती आपापले माप देते. उणीव जाणवते ती शेवटी. छावणीतील व जर्मनीतील दिवस थोडक्या पानांत आटोपतात. मन सावरण्याची दीर्घ वाट जेमतेम दिसते.

ख्रिस्ती वाचक विचारील, येथे क्षमा कोठे आहे? लेखिकेचा भर क्षमेवर नाही. अपराध्यांना न्यायासनासमोर उभे करावे, ही तिची मागणी आहे. तो मला दोष वाटत नाही. आपल्या प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्ताप, पापनिवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई अपेक्षित असते. येथे तर बहुतेकांनी अपराध कबूलही केलेला नाही. अशा वेळी जखमी स्त्रीकडेच प्रथम क्षमेची मागणी करणे म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय करणे होय. क्षमा तिची आहे. ती केव्हा द्यावी, हे तिनेच ठरवावे.

न्यायाची पावले मंद आहेत, पण पडली आहेत. मार्च २०२१ मध्ये इराकने वाचलेल्या स्त्रियांसाठी मासिक वेतन व जमिनीची तरतूद करणारा कायदा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात साखळीने बांधून तिचा जीव घेणाऱ्यास फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली. यझिदींच्या वंशसंहाराबद्दल जगात झालेली ती पहिलीच शिक्षा. त्या खटल्यात मुलीच्या आईने साक्ष दिली होती. पुरावे गोळा करणारे संयुक्त राष्ट्रसंघाचे पथक मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले, आणि दोन हजारांहून अधिक यझिदी अद्याप बेपत्ता आहेत.

अशी कहाणी सांगणारी आपण शेवटची मुलगी ठरावी, ही इच्छा पुस्तकाच्या नावात आहे. आपल्या घरांतील जाणत्या मुलामुलींनी हे पुस्तक आईवडिलांसोबत वाचावे आणि त्यावर घरात मोकळेपणाने बोलणे व्हावे.