सेनापति ग्रँट यांचें आत्मवृत्त

पराक्रमी पुरुष स्वतःचें चरित्र लिहूं लागला म्हणजे वाचकाच्या मनांत पहिली शंका येते ती आत्मस्तुतीची. अमेरिकन यादवी युद्धांतील सेनापति युलिसिस ग्रँट (१८२२–१८८५) यांच्या आत्मवृत्तानें ही शंका फोल ठरविली आहे. १८८४ सालीं, भागी असलेली पेढी बुडाल्यामुळें ते निर्धन झाले. पाठोपाठ घशाचा कर्करोग जडला. कुटुंबाच्या निर्वाहासाठीं त्यांनीं लेखणी धरली आणि मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं ग्रंथ पुरा केला. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेनें तो दोन खंडांत काढला.

ग्रंथाची भाषा लष्करी हुकुमासारखी स्वच्छ आहे. व्हिक्सबर्गचा विजय (१८६३) सांगतांनाही ते शब्दांचे नगारे वाजवीत नाहींत. ज्या मेक्सिकन युद्धांत (१८४६–४८) ते स्वतः लढले, तें अन्यायाचें होतें असें ते स्पष्ट म्हणतात. १८६४ सालीं कोल्ड हार्बर येथें हजारों सैनिक पडले. तेथील शेवटच्या हल्ल्याचा आपणांस सदैव पश्चात्ताप होत आला, अशीही कबुली ते देतात.

परंतु असा सत्यनिष्ठ लेखक अध्यक्षपदाच्या आठ वर्षांविषयीं (१८६९–७७) जवळजवळ मौन धरतो, हें खटकल्यावांचून राहत नाहीं. सहकाऱ्यांच्या लांचखोरीचे डाग त्याच काळावर आहेत. रणांगणावरील चूक येथें कबूल झाली; राज्यकारभारांतील झाली नाहीं. म्हणून हें समग्र चरित्र नव्हे. ही एका शिपायाची साक्ष होय. तेवढ्या मर्यादेंत मात्र ती अमोल आहे.