एका कोरड्या विशेषणाचं रसग्रहण

रसग्रहण कवितेचं करतात. इथे ते एका इंग्रजी विशेषणाचं करायचं आहे, आणि तेही ‘ड्राय’चं. रस नसल्याची ग्वाही देणाऱ्या शब्दाचं रसग्रहण! पण मुंबईत माझगावच्या डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाला हा शब्द चुकवता येत नाही.

तिथल्या गोदीचा उगमच या शब्दात आहे. 1774 साली इथे एक लहानसा ड्राय डॉक बांधला गेला. 1934मध्ये त्याची खासगी कंपनी झाली, 1960मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली, आणि आज तिथे नौदलाच्या विनाशिका नि पाणबुड्या बांधतात. ड्राय डॉकचं काम मोठं पाहण्यासारखं. आधी डॉकात पाणी घेतात. जहाज तरंगत आत येतं, दरवाजा लागतो, पंप पाणी उपसू लागतात आणि जहाज हळूहळू तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांवर टेकतं. एरवी कुणाला न दिसणारं त्याचं पोट उघडं पडतं. मग शिंपले खरवडा, गंज काढा, पंखा तपासा, रंग द्या. काम उरकलं की पाणी पुन्हा आत. जुलैत वरून पाऊस धो धो कोसळत असला आणि कामगार चिंब भिजला, तरी डॉक ड्रायच! समुद्र बाहेर थांबलाय, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या मते या विशेषणाची खुबी इथेच आहे. अमुक एक गोष्ट हजर नाही, इतकंच ते सांगतं. कोणती, ते शेजारचं नाम ठरवतं. ड्राय वाइनमध्ये गोडवा नसतो. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा चक्क द्रावणात बुडवतात, फक्त ते पाणी नसतं. चायनीजच्या गाडीवर ‘मंचुरियन ड्राय’ म्हटलं की ग्रेव्ही वजा. आणि ड्राय डेला काय नसतं, ते माझगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईचा दारूबंदी कायदा 1949चा. त्यानुसार इतर दिवशीही पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो, हे फार थोड्यांना आठवतं.

मराठीने हे काम अनेकांत वाटून दिलं आहे. कपडे वाळतात, बोंबील सुकतात, विहीर आटते, घशाला कोरड पडते, दूध न देणारी गाय भाकड होते, भाषण रुक्ष होतं. यातला प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या जागी बसतोच असं नाही. बोंबील आटले म्हणून पाहा! इंग्रजी मात्र सगळीकडे एकट्या ‘ड्राय’ला पाठवते. आपली श्रीमंती जरूर मिरवावी, पण त्या एकट्याचा आवाकाही मान्य करावा. ‘ड्राय ह्यूमर’मध्ये तर त्याने कमालच केली आहे. तिथे गैरहजर असतं ते विनोद करणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू. ऐकणारा पोट धरून हसतो आणि बोलणारा ढिम्म. मराठीत विनोदाला कोरडा म्हणा, तो पडलाच असं लोक समजतील.

एका ठिकाणी मात्र मराठीने बाजी मारली आहे. 2021च्या जानेवारीत करोनाच्या लसीकरणाआधी सरकारने ‘ड्राय रन’ घेतला. लस न टोचता सगळी तयारी तपासायची, म्हणून ड्राय. आपण त्याला म्हणालो ‘रंगीत तालीम’. सरकारी सरावाला आपण नाटकाच्या पेटाऱ्यातला शब्द दिला, आणि तो शोभलाही.

तेव्हा अक्रोड-बदामांना सुका मेवाच म्हणा, त्यासाठी ‘ड्राय’ उसना आणण्याची गरज नाही. ड्राय डॉक गोदीतल्या माणसांच्या तोंडी रुळलेला आहे, तो राहू द्या. आणि ‘ड्राय डे’चं भाषांतर करायच्या फंदात कुणी पडू नये. ‘कोरडा दिवस’ असं छापलंत, तर वाचणारा पंधरा ऑगस्टला छत्री घरी ठेवून निघेल.