बाबासाहेबांची वचनं आणि आपण

आमच्या कवितेला 'घोषणा' म्हणून नाकं मुरडणारे समीक्षक पुष्कळ झाले. त्यांनी कविता वाचली नाही ते सोडा, घोषणा तरी कधी नीट वाचली काय? आणि दोस्तहो, आपण तरी वाचली काय?

माझं म्हणणं असं आहे की घोषणा हे आपलं पहिलं साहित्य आहे. ज्या म्हातारीच्या हाताला उभ्या जन्मात पुस्तक लागलं नाही, तिलाही बाबासाहेबांची चार वाक्यं पाठ असतात. ती वाक्यं भिंतीवर आहेत, कॅलेंडरवर आहेत, लग्नपत्रिकेवर आहेत, रिक्षाच्या पाठीवर आहेत. एवढा मोठा वाचक मराठीतल्या कुठल्या कवीला मिळाला? मग कवितेच्या ओळीला आपण जी कसोटी लावतो ती या वाक्यांना का लावू नये? वाक्य कुणाला उद्देशून आहे, कुठं आणि कधी म्हटलं, त्याच्या आधी काय होतं, पुढं काय होतं, हे का विचारू नये?

बाबासाहेबांची चूक काढायला मी बसलेलो नाही. त्यांच्या वाक्यांचं आपण काय करून ठेवलं, ते तपासायला बसलोय. सगळी वाक्यं इथं घेणं शक्य नाही. तीन-चार घेतो.

१

पहिलं आपलं रोजचं. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

इंग्रजीत याचा क्रम वेगळा आहे. एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. २० जुलै १९२४ ला स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं हे ब्रीद. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अखेरचा सल्ला म्हणून त्यांनी हेच तीन शब्द दिले. शब्द आभाळातून पडलेले नव्हते. १८८० नंतरच्या दशकात इंग्लंडातले समाजवादी कामगारांना हेच तीन शब्द सांगत होते. बाबासाहेब लंडनला शिकले. तिथल्या कामगारांचं हत्यार इथल्या बहिष्कृतांच्या हातात आलं, असं मी समजतो. मला त्याचा अभिमान वाटतो.

आता मधला शब्द बघा. ॲजिटेट. मराठीत येताना तो मधून उठला आणि शेवटी जाऊन बसला, आणि बसताना 'संघर्ष' झाला. संघर्ष हा शब्द वाईट नाही. पण संघर्ष दुसऱ्याशी होतो. ॲजिटेटचा मूळ अर्थ ढवळणं, घुसळणं. ते आधी आपल्या आत व्हायचं असतं.

मी सायझिंग खात्यात कामाला आहे. तिथं खळ शिजवायच्या भांड्यात एक पातं फिरत असतं, त्याला ॲजिटेटरच म्हणतात. ते थांबलं की खळीच्या गाठी होतात. गाठी झालेली खळ सुताला नीट धरत नाही, मग साच्यावर तार तुटते. विणणारा शिव्या विणाई खात्यात घालतो, पण चूक आमच्या भांड्यात झालेली असते. हे ज्याला रोज दिसतं त्याला बाबासाहेबांचा क्रम समजवावा लागत नाही. शिकलेलं आधी डोक्यात ढवळलं पाहिजे. माझ्या वाट्याला हे जिणं का आलं, कुणी आणलं, मी ते का सोसतो, या प्रश्नांनी माणूस आतून हलला पाहिजे. मग अशी हललेली माणसं एकत्र येतील. ती संघटना.

आपण काय केलं? ढवळणं काढून टाकलं आणि शिकण्याला थेट संघटना जोडली. म्हणून गाठी झाल्या. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला, थोड्याच वर्षांत फुटला. १९७२ ला पँथर उठली, १९७४ ला फुटली. त्यानंतरचे गट मोजायला माझी बोटं पुरत नाहीत. आणि प्रत्येक गटाच्या फलकावर 'संघटित व्हा' आहेच! गट फुटला तरी वाक्य फुटत नाही. दोन्हीकडचे लोक ते सारख्याच मोठ्या अक्षरांत रंगवतात.

नागपूरच्या त्या भाषणात या तीन शब्दांच्या पुढं आणखी काही आहे. आपली लढाई संपत्तीसाठी नाही, सत्तेसाठी नाही, ती स्वातंत्र्यासाठी आहे, माणसाचं दडपलेलं माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, असा त्याचा आशय. हा भाग किती भिंतींवर आहे? तिकिटासाठी रांगेत उभ्या असलेल्या पुढाऱ्याला तो भाग परवडत नाही, म्हणून नाही.

२

दुसरं वाक्य आम्हा कामगारांचं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं की या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

या वाक्याचे सरळ दोन तुकडे करून लोकांनी वाटून घेतले. लाल झेंडेवाल्यांनी भांडवलशाही घेतली, पहिला शत्रू ठेवून दिला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ब्राह्मणशाही घेतली आणि दुसरा शत्रू विसरले. कंत्राटदार आपल्या जातीचा असला की तो शत्रू वाटेनासा झाला. वाक्यातल्या 'आणि' या शब्दाकडं दोघांनीही पाहिलं नाही. खरं तर सगळं वजन त्या 'आणि'वर आहे.

तो 'आणि' कुठून आला ते मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगतो. विणाई खात्यात मजुरी जास्त. पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. का? कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. एकाच धोट्याला सवर्णाचं तोंड आणि महाराचं तोंड कसं लागेल? म्हणून आपला माणूस सूतकताईत आणि झाडलोटीत. हा नियम एकट्या मालकाचा नव्हता. शेजारी उभा राहणारा, त्याच भोंग्याला उठणारा, तेवढाच कर्जबाजारी असलेला कामगारही तो पाळत होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न टाकला. सगळी खाती आमच्या लोकांना खुली करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घ्या. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाइलाजानं. दहा वर्षांनी मनमाडला जे वाक्य आलं, त्याच्या मागं हा धोटा आहे.

आणि त्या भाषणाचा जो भाग हमखास गाळला जातो तो असा. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असं मला म्हणायचं नाही, असं ते बजावतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही. तिचे जनक ब्राह्मण असले तरी ती सगळ्या वर्गांत शिरलेली आहे.

सगळ्या वर्गांत. म्हणजे आपल्यातही. बौद्ध झालो तरी सोयरीक जुळवताना पोटजात हळूच विचारतो, ती कुठली शाही? मातंगाच्या पोराला मंडळात घेतो पण अध्यक्ष करत नाही, ती कुठली? व्यासपीठावर सावित्रीमाईचा फोटो, समोर भाषण करणारे सात बाप्ये, आणि बाया मागं चहा गाळताहेत, ती कुठली? अर्धं वाक्य घेतलं की शत्रू कायम दुसऱ्याच्या घरात राहतो. पूर्ण वाक्य घेतलं की आपल्या घराची झडती द्यावी लागते.

हे मनमाडचं भाषण करणारा माणूस त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाच्या विरोधात कम्युनिस्टांबरोबर संपात उभा राहिला. त्यांचे-आपले मतभेद होते, पण त्या दिवशी दुसरा शत्रू समोर होता. बाबासाहेबांनी 'आणि' असा पाळला.

३

तिसरं वाक्य वाघिणीच्या दुधाचं. शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे, जो पिईल तो गुरगुरेल. आपल्या वस्तीत याच्याइतकं लाडकं वाक्य नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली ते असतं, पण स्थळ नसतं, तारीख नसते, सभा नसते.

इंग्रजी ही वाघिणीचं दूध, हे वाक्य मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितलं जातं. कोण चिपळूणकर? ज्यांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांची, त्यांच्या भाषेची, त्यांच्या विचारांची टर उडवली तेच. म्हणजे पाहा, जोतिबांना हसणाऱ्याच्या नावावरचं दूध आपण बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवतो आणि वर जोतिबांना हार घालतो. इतका गोंधळ का होतो? वाक्य कानाला गोड लागलं की त्याचा दाखला कुणी मागत नाही, म्हणून.

माझा आक्षेप नुसत्या नावावर नाही, प्रतिमेवरही आहे. वाघ एकटा असतो. तो गुरगुरतो ते स्वतःच्या शिकारीवर. शिकून एकट्यानं गुरगुरायचं, ही बाबासाहेबांची कल्पना वाटते काय? १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत ते काय बोलले ते आठवा. मला शिकलेल्या लोकांनी दगा दिला. शिकून ही माणसं समाजाची सेवा करतील असं वाटलं होतं, पण ती आपलंच पोट भरत बसली. आयुष्याच्या शेवटच्या वर्षातलं हे बोलणं. ज्यानं 'शिका' हा पहिला शब्द दिला त्यानंच ही तक्रार केली. आता सांगा, फोटोखाली कुठलं वाक्य पाहिजे? वाघिणीचं की आग्र्याचं?

आग्र्याचं कुणी लावणार नाही. बंगल्याच्या हॉलमध्ये ते शोभत नाही. पाहुण्यांसमोर बाबासाहेब आपल्यालाच जाब विचारताहेत, हे कुणाला चालेल?

४

आता चौथं, आणि हे सगळ्यांच्या मुळाशी आहे. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण. त्यातलं एक वाक्य सरकारी कार्यक्रमांत चालतं. संविधान कितीही चांगलं असो, ते राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल. मंत्रीसुद्धा हे म्हणतात, कारण प्रत्येकाला वाटतं की वाईट ते दुसरे.

त्याच भाषणात ते म्हणाले की धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र भक्ती, विभूतिपूजा, हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. त्याच भाषणात ते म्हणाले की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात शिरतो आहोत. राजकारणात समता असेल, समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता राहील. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेनं पोळलेले लोक हा सगळा डोलारा उडवून देतील.

डोलारा उडवण्याची ही ताकीद मंत्र्याच्या फ्लेक्सवर मी पाहिलेली नाही. भक्तीबद्दलचं वाक्य आपल्याही फलकावर फारसं दिसत नाही. इथं सरकार आणि आपण सारखेच. सरकारनं त्यांना गोड वाटणारं तोडून घेतलं, आपण आपल्याला गोड वाटणारं.

चारही वाक्यांत मला एकच गोष्ट दिसली. जो भाग आपल्याला काम सांगतो तोच गळतो. जो भाग अभिमान देतो तो राहतो. मग ते वचन उरत नाही, त्याचा मंत्र होतो. मंत्राचा अर्थ कुणी विचारायचा नसतो, तो फक्त म्हणायचा असतो. आपल्या बापजाद्यांच्या कानात मंत्र पडू दिला नाही म्हणून आपण रडत नाही, मंत्राचं राज्यच मोडायला आपण निघालो होतो. मग स्वतःचा मंत्र कशाला तयार करायचा?

उलट एक वाक्य असं आहे की ते तोडताच येत नाही. येवला, १३ ऑक्टोबर १९३५. मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. हे सुभाषित नाही, हा वायदा आहे. आणि तो १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पुरा झाला. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. एवढा काळ त्या माणसानं धर्म वाचले, तपासले, वाद घातले, लोकांची मनं तयार केली. वाक्य म्हणायला अर्धा मिनिट लागला, पाळायला एकवीस वर्षं लागली. वचन या शब्दाचा खरा अर्थ हाच, दिलेला शब्द.

५

कुणी म्हणेल, अडाणी माणसाला अख्खं भाषण कुठं वाचायला सांगतोस, त्याला एक ओळ पुरे. मी हे मानत नाही. १९७९ पासून महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांत छापायला घेतली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. १९८७ ला चौथा खंड आला आणि त्यातल्या राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून गदारोळ झाला. ते प्रकरण काढा म्हणणारे काढा म्हणाले. तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर आपली माणसं लाखांनी उतरली. त्यांतल्या कितीकांना इंग्रजी येत होतं? त्यांना एवढंच कळत होतं की बाबासाहेबांचं पान फाडू द्यायचं नाही. ज्या समाजानं न वाचलेल्या पानासाठी मोर्चा काढला, त्याला ते पान वाचून दाखवलं तर तो ऐकणार नाही?

तेव्हा कार्यकर्त्या मित्रांनो, माझ्या तीन सूचना. एक, जिथं बाबासाहेबांचं वाक्य रंगवाल तिथं खाली स्थळ आणि तारीख लिहा. तारीख सापडत नसेल तर ते वाक्य रंगवू नका, भिंत कोरी राहू द्या. दोन, येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा आणि एका भाषणाच्या प्रती काढून घरोघर वाटा. पहिलं मनमाडचं घ्या. तीन, विहारात रविवारी एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि शेवटी भांडायचं. बायांनी पहिलं बोलायचं. चहा त्या दिवशी बाप्ये करतील.

भांडण झालं नाही तर समजा पातं फिरलं नाही. पुढच्या रविवारी परत बसा.

जयभीम.