काय करताय?

वाट रानातून जाते आणि वळणावर दोन घोडे मरून पडलेले दिसतात. त्यांच्या अंगात रुतलेल्या बाणांना काळी पिसे आहेत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली, तिच्यासोबत नवशिक्यांसाठी एक संच आला, आणि त्या संचातल्या 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' या साहसकथेचा पहिला प्रसंग असा उघडतो. आपण घाई न करता इथेच क्षणभर रेंगाळू. घोडे दोन, म्हणजे स्वारही दोन असणार. ते मात्र कुठेच नाहीत. पिसे काळी, म्हणजे बाण कुणीतरी निगुतीने, आपली खूण ठेवून घडवलेले. तपशील एवढेच, पण रानातली सारी नि:शब्दता त्यांच्याभोवती गोळा होते; आणि नेमक्या त्याच वेळी कथा सांगणारा मित्र, ज्याला या खेळात डीएम म्हणतात, हेडफोनमधून अगदी सहज विचारतो, "मग? काय करताय?"

माझ्या मते या खेळाचे ध्रुवपद हेच. नियमांची पुस्तके जाडजूड आहेत, मंत्र शेकड्यांनी आहेत, राक्षसांचे तर कोशच्या कोश आहेत. पण हा सारा पसारा ज्या खुंटीला टांगलेला आहे ती खुंटी म्हणजे हा प्रश्न. कथाकाराने ऐन रंगात लेखणी खाली ठेवावी आणि पुढचे वाक्य श्रोत्याच्या ओंजळीत घालावे, असे औदार्य आपल्याला क्वचितच भेटते. कोकणातल्या दशावतारात संहिता लिहिलेली नसते, नट आख्यान मनात धरून रंगमंचावरच संवाद विणत जातात. त्याच जातीचा हा आनंद आहे. फक्त तिथे शेवटी राक्षस मरणार हे पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असते, आणि इथे ते डीएमलाही ठाऊक नसते.

प्रश्नानंतर येते ती शांतता. एका टेबलाभोवती बसून खेळताना ती कधी निखळ मिळत नाही. कुणी चिवड्यातले दाणे वेचत असतो, कुणी फासे खुळखुळवत असतो. दूर बसून, नुसत्या आवाजांवर खेळताना मात्र ती सोलून हातात दिल्यासारखी येते. आमचे टोळके कॉलेजातले, पाच जणांचे. दोघे पुण्यात, एक ठाण्यात, एक डब्लिनला, एक न्यू जर्सीत. शनिवारी रात्री साडेआठला आम्ही डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतो. तिथे जो बोलू लागेल त्याच्या चित्राभोवती हिरवे कडे उजळते. या कड्याकडे आपण जरा रसिकाच्या नजरेने पाहावे, कारण ते शब्दाने उजळते तसेच उसाशानेही उजळते. डीएमने विचारावे, "काय करताय?" आणि डब्लिनचे कडे लुकलुकून विझावे, आपल्याला कळते, की याच्या ओठापर्यंत काहीतरी आले होते आणि त्याने ते गिळले. समोर बसून त्याचा चेहरा पाहत असतो, तर कदाचित हे निसटलेच असते. मग ठाण्याचे कडे एकाएकी लखलखते आणि ऐकू येते ती कुकरची शिट्टी. एकदा अशाच शिट्टीवर आमचा डीएम, निमिषभरही न अडखळता, म्हणाला, "झाडीतून गॉब्लिनांचं शिंग वाजतं." त्या रात्री ठाण्यात वरणभात शिजला आणि कथेतल्या फॅन्डलिन गावाच्या वाटेवर आमच्यावर चार गॉब्लिन तुटून पडले.

मग दान. सारीपाटापासून चालत आलेला हा शब्द मला 'रोल'पेक्षा कितीतरी गोड वाटतो, कारण त्यात मागणे आहे, मिळणे आहे, आणि देणारा मात्र दिसत नाही. खेळाडू म्हणतो, "घोड्याच्या आडून सरपटत झाडीत शिरतो". डीएम म्हणतो, "टाक दान". आणि वीस पैलूंचा फासा फिरतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावातून हजार पेट्यांनिशी बाहेर पडला, तेव्हाच्या वीस पैलूंच्या फाशांवर शून्य ते नऊ हेच आकडे दोनदा कोरलेले असत. आमच्या खेळात तळहाताचा घाम लागलेला फासाच नाही, हे उणे आहे आणि ते कबूल करावे. 'रोलट्वेंटी' या संकेतस्थळावर आपण एक आज्ञा टंकतो आणि आकडा उमटतो. वीस पडले तर त्याभोवती हिरवी चौकट, एक पडला तर तांबडी. पण हा आकडा जन्मतो कुठे, तर एका प्रकाशझोताच्या सूक्ष्म चढउतारांत! ठाण्यातला माणूस काल्पनिक अंधारात पाऊल टाकतो आणि त्याच्या पायाखाली काटकी मोडणार की नाही, हे कुठल्याशा खऱ्याखुऱ्या किरणाची थरथर ठरवते.

त्याहून देखणा वाटतो तो दोन फाशांचा नियम. परिस्थिती अनुकूल असली, किंवा आपण ती कल्पकतेने अनुकूल करून घेतली, तर डीएम आकड्यात भर घालत नाही. दुसरा फासा देतो, आणि दोहोंतले मोठे दान आपले. विसाची शक्यता पाच टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर जाते, हे झाले गणित. पडद्यावर मात्र न घेतलेला आकडाही फिकट होऊन शेजारी उभा असतो. सतरा घेतले, शेजारी फिकट तीन: जे झाले त्याच्या कुशीत जे होता होता राहिले तेही दिसावे, हे सुख हाताने टाकलेल्या फाशांत असूनही तिथे आपण ते पाहत नाही, चटकन उचलून घेतो.

पडद्यावरच्या नकाशांचे कौतुक मी फारसे करणार नाही. त्यांच्यावरचे काळे आवरण डीएम थोडे थोडे पुसतो, मशालीचा उजेड आपल्या सोंगटीबरोबर सरकतो, सारे नेत्रसुखद आहे. पण डोळ्यांना इतके मिळाले की कानांची तहान कमी होते, असा माझा अनुभव.

काळाचीही इथे गंमत आहे. थंडीत आमचे साडेआठ म्हणजे डब्लिनला दुपारचे तीन आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा. मार्चमध्ये अमेरिका घड्याळे आधी पुढे करते, युरोप महिनाअखेरीस. मधले दोन-तीन आठवडे न्यू जर्सीकर अकराला येतो आणि डब्लिनकर तीनलाच. अशाच एका शनिवारी गॉब्लिनांच्या गुहेत न्यू जर्सीची योद्धी कोसळली. अशा वेळी दर फेरीला एक दान. दहा वा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशांत जीव तगतो, तीन अपयशांत जातो. तिचे एक यश झाले होते, अपयशे दोन. पुण्यात साडेअकरा वाजले होते, न्यू जर्सीत दुपारचे दोन. डीएम म्हणाला, "बास. पुढचं दान पुढच्या शनिवारी."

कुणीच कॉल सोडला नाही. न्यू जर्सीचे कडे उजळले, विझले.