चिमणराव, वागळे आणि आपले स्मरणरंजन

बाळ कर्वे २०२५ साली निवर्तले, तेव्हा धर्मग्रामातील अनेक घरांतून एकच उद्गार ऐकू आला : "आमचे गुंड्याभाऊ गेले!" भूमिका साकारून पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही एखाद्या नटाला लोकांनी भूमिकेच्या नावाने निरोप द्यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्या उद्गारापाठोपाठ आणखी एक वाक्य हटकून येत असे : "आता तसे काही राहिलेच नाही." पहिल्या उद्गारात कृतज्ञता आहे. दुसऱ्यात मात्र एक निवाडा आहे आणि तो तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात विजया जोगळेकर-धुमाळे यांनी 'चिमणराव' ही मालिका सादर केली. त्या काळी दूरचित्रवाणी संच साऱ्या आळीत एखाद्याच घरी असायचा. कृष्णधवल पडदा, त्याला सरकती लाकडी दारे, आणि ओटीवर दाटीवाटीने बसलेली आम्ही मुले. दारे सरकली की मोठी माणसेही बोलायची थांबत. बारीक अंगकाठीचे, सदैव गोंधळलेले चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर. आणि सोटा घेऊन प्रत्येक अडचणीवर चालून जाणारा त्यांचा धिप्पाड मावसभाऊ म्हणजे बाळ कर्वे. या जोडीचे यश कोट्यांवर उभे नव्हते. एकाचा भित्रेपणा आणि दुसऱ्याचा आडदांडपणा एकमेकांवर घासले जात आणि त्या घर्षणातून हसू निर्माण होई. आपल्या समीक्षेत ज्याला स्वभावनिष्ठ विनोद म्हणतात, त्याचा हा वस्तुपाठच होता.

प्रभावळकरांच्या अभिनयाचे मर्म असे की त्यांनी चिमणरावांना कधी विदूषक होऊ दिले नाही. चिमणराव स्वतःला अत्यंत गंभीर समजतात. आपली फजिती झाली आहे, हे त्यांना सर्वांत शेवटी कळते. नटाने 'पाहा, मी किती हास्यास्पद आहे' असे सुचवले असते, तर सारा डोलारा कोसळला असता. हाच नट पुढे 'चौकट राजा'तील नंदू झाला, 'झपाटलेला'तील तात्या विंचू झाला, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेतील आबा झाला आणि २००६ च्या हिंदी चित्रपटात गांधीजीही झाला. कर्वे यांना अशी विविध रूपे आपल्या स्मरणात मिळाली नाहीत. एका भूमिकेने त्यांना अमर केले आणि त्याच भूमिकेने त्यांना बांधूनही ठेवले. आपल्या प्रेमाचीही नटाला किंमत मोजावी लागते, हे प्रेक्षकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता स्मरणरंजनाविषयी. चिमणराव हे मूळ चिं. वि. जोशी यांचे अपत्य. पाली भाषेच्या या पंडिताने हा संसार स्वातंत्र्यपूर्व काळातच रंगवला होता. १९४२ च्या 'सरकारी पाहुणे' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावरही आणली होती. म्हणजे आम्ही ओटीवर बसून जे पाहत होतो, ते आमच्या काळाचे चित्र नव्हतेच. आमच्या आजोबांचा काळ आम्ही पाहत होतो, आणि आमच्या शेजारचे वृद्ध तेव्हाही सुस्कारा सोडून म्हणत असतील की, आता तसे काही राहिले नाही! आपण ज्याला 'आमचा काळ' म्हणतो, तो पुष्कळदा आपल्या बालपणाचे दुसरे नाव असतो.

पुढे १९८८ साली 'वागले की दुनिया' आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा मध्यमवर्गीय गृहस्थ कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केला. अंजन श्रीवास्तव मराठी नव्हेत, तरीही वागळ्यांच्या घरात ते परके वाटले नाहीत. भारती आचरेकर यांची राधिका समोर होती, हे त्याचे एक मोठे कारण. गायिका माणिक वर्मा यांची ही कन्या मराठी रंगभूमीवरून आलेली. समोरच्याचे वाक्य ऐकून घेणे, हे तिच्या अभिनयाचे बळ. श्रीवास्तव बोलत आणि हसू मात्र तिच्या चेहऱ्यावरून आपल्यापर्यंत पोहोचे.

गेल्या वर्षी आमच्या युवकांना मी या मालिकेचे दोन भाग दाखवले. माझा हेतू, खरे सांगायचे तर, उपदेशाचाच होता : पाहा, शिवीगाळ नाही, अंगविक्षेप नाही, तरीही हसू येते! मुले हसली. काही ठिकाणी आम्ही हसत होतो त्याहून अधिक हसली. शेवटी एका मुलीने विचारले, "फादर, दुनिया वागळ्यांचीच का? राधिकाची का नाही?" माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी ती मालिका प्रेमाने आठवत आलो होतो; परंतु घरातल्या गृहिणीच्या बाजूने ती एकदाही पाहिली नव्हती. प्रश्न तिने त्या मालिकेला विचारला होता, पण उत्तर मलाच द्यायचे होते.

त्या मालिकांचे मोठेपण या प्रश्नाने उणे होत नाही. दुर्बळाची टर न उडवता दुर्बळाबरोबर हसणे, हे त्यांनी आपल्याला शिकवले. आजच्या अनेक कार्यक्रमांत कुणाच्या वर्णावर, कुणाच्या देहावर हशा पिकवला जातो, तेव्हा त्या शिकवणीची उणीव जाणवते. पण तो वारसा टिकवायचा तर 'आता तसे काही राहिले नाही' हे वाक्य आपण आवरले पाहिजे. २०२१ साली वागळे कुटुंब नव्या पिढीसह पडद्यावर परतले, तेव्हा सुमीत राघवन यांच्यासमवेत श्रीवास्तव आणि आचरेकर आपापल्या जुन्या भूमिकांत होतेच. जुन्यांनी नव्यांसाठी घरात जागा केली होती.

आपणही तेवढेच करावे. जुने भाग मुलांना अवश्य दाखवावेत. मात्र मध्ये बोलू नये. त्यांना त्यांच्या ठिकाणी हसू द्यावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. राधिकेची दुनिया कुठे आहे, याचा शोध मी अजून घेतो आहे.