स्वयंचलित इतिवृत्त आणि ग्रामसभा : एक चिकित्सा

प्रस्तावना

सभेची वेळ ठरवणे, सूचना पाठवणे, चर्चा टिपणे आणि तिचा सारांश सदस्यांपर्यंत पोचवणे ही कामे आता यंत्राकडे सोपवली जात आहेत. मायक्रोसॉफ्ट टीम्स, झूम यांसारख्या प्रणालींत २०२३ पासून बैठकीचा सारांश आपोआप तयार होण्याची सोय आली. मात्र हा विषय महानगरी कार्यालयांपुरता मर्यादित राहिलेला नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी 'सभासार' ही प्रणाली सुरू केली. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण तीत भरले की इतिवृत्ताचा मसुदा तयार होतो. 'भाषिणी' या राष्ट्रीय भाषा-उपक्रमावर ती आधारलेली असून तीत मराठीचाही समावेश आहे. बीबी (ता. लोणार, जि. बुलढाणा) यांसारख्या वऱ्हाडी बोलीच्या गावाच्या संदर्भात या स्वयंचलनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिवृत्ताचे स्वरूप

ग्रामसभेला ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ मध्ये तिची तरतूद आहे. लाभार्थ्यांची निवड, विकास आराखडा, खर्चाची मान्यता या बाबी तिच्यासमोर येतात. म्हणून तिचे इतिवृत्त हा चर्चेचा गोषवारा असतो, तसाच तो हक्काचा पुरावाही असतो. घरकुलाच्या यादीतून आपले नाव का गळले, हे विचारणाऱ्या माणसाजवळ त्या नोंदीखेरीज दुसरा आधार क्वचितच असतो.

आपल्याकडे अशा नोंदीची परंपरा जुनी आहे. मराठेशाहीतील गोतसभेचा निवाडा महजरात लिहिला जाई आणि त्यावर उपस्थितांच्या निशाण्या होत. पाटलाच्या नावापुढे नांगर काढला जाई. अक्षर लिहिणाऱ्याचे असले तरी जबाबदारी निशाणी करणाऱ्यांची असे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा आजच्या विषयपत्रिकेतील पहिला विषय याच तत्त्वावर उभा आहे. यंत्र मसुदा देऊ शकते; साक्ष देऊ शकत नाही.

बोली आणि मौन

वऱ्हाडीत 'मला'चे 'मले' होते, 'शाळा'ची 'शाया' होते आणि 'करतो आहे' याऐवजी 'करून राहिलो' म्हटले जाते. प्रमाण मराठीवर घडलेल्या यंत्राला हे उच्चार अडखळवणारे ठरू शकतात. शब्दाची चूक ऐकणाऱ्याला निदान सापडते. आशयाची चूक अधिक घातक असते. सभेत कोणी 'बरं, पाहू' म्हणतो तेव्हा तो होकार आहे, टाळाटाळ आहे की सभ्य नकार, हे बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि गावातील त्याच्या स्थानावरून कळते. सारांशात त्याचे 'सहमती दर्शविली' झाले, तर नकाराचाच पुरावा नाहीसा होतो.

शिवाय जे बोलले गेले नाही ते ध्वनिमुद्रणात येत नाही. महिलांची सभा आधी घ्यावी असे कायदा सांगतो, कारण सर्वांसमोर सर्वांनाच बोलता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्यासाठी विषय अभ्यासगटात दीर्घकाळ चर्चिला जातो. तेथे गप्प बसणे म्हणजे मान्यता, असा सोपा अर्थ लावून चालत नाही.

दिनदर्शिका आणि सूचना

यंत्राच्या दिनदर्शिकेला रिकामा दिवस आणि मोकळा दिवस यांत फरक दिसत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. शासनाच्या दृष्टीने २ ऑक्टोबर हा सुटीचा दिवस. लोणार परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सोयाबीनच्या सोंगणीचा हंगाम. १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी असेल ती गणसंख्या का भरत नाही, याचे एक उत्तर येथे सापडते. सूचनेचेही तसेच आहे. दवंडी दारावरून जाते, व्हॉट्सॲपवरील संदेश ज्याच्या हाती फोन आहे त्याच्यापर्यंतच जातो. 'संदेश पाठवला' आणि 'सूचना पोचली' ही दोन वेगळी विधाने आहेत.

दुसरी बाजू

हस्तलिखित नोंदवही निर्दोष होती, असे मात्र म्हणता येणार नाही. कागदोपत्री झालेल्या सभा आणि मागाहून घेतलेल्या सह्या हा ग्रामीण महाराष्ट्राचा परिचित अनुभव आहे. ध्वनिमुद्रणामुळे असा बनाव करणे अवघड होईल आणि अनेक गावांचा कारभार पाहणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा लेखनभारही हलका होईल. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्राचा मसुदा नीटनेटका असतो, आणि नीटनेटकेपणालाच सत्य मानण्याची सवय कार्यालयांना लवकर लागते. पूर्वी नोंदीवर शंका घेणारा ग्रामस्थ ग्रामसेवकाला जाब विचारू शकत होता. उद्या 'संगणकात असेच आले आहे' हे उत्तर मिळाले, तर त्याने जाब कोणाला विचारावा?

निष्कर्ष

स्वयंचलनाला विरोध करण्यापेक्षा त्याची मर्यादा आखणे आवश्यक आहे. यंत्राचा मसुदा सभा संपण्यापूर्वी गावाच्या बोलीत मोठ्याने वाचावा. हरकत घेणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवावे. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवून ते मागणाऱ्याला ऐकू द्यावे. आणि मसुद्याखाली जबाबदार व्यक्तीची सही असावी. एवढे झाले तर यंत्र चांगला कारकून ठरेल. अन्यथा ग्रामसभेचा निर्णय गावाने घेतलेला आणि गावालाच न ओळखू येणारा, असा होऊन बसेल.